आईच्या टीव्हीवर दशावतार: जेलीफिन, देवनागरी सबटायटल आणि मध्येच अडणारा व्हिडिओ

पाणंद (कुडाळ तालुका) | ७ जून, रात्री ९.५०

नमस्कार, मंचावरच्या मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण तोडून विचारला तर उत्तरंही तुटकच येतील, म्हणून सगळं एकदम लिहिते.

माझे वडील दशावतारी मंडळात पखवाज वाजवायचे. २००४ ते २००८ या काळात मामाने त्याच्या मिनी-डीव्ही कॅमेऱ्यावर जत्रेतले काही प्रयोग चित्रित केले होते. एकूण ११ कॅसेट आहेत. वडील आता नाहीत. आईचं वय ७४, आणि तीन वर्षांत तिचं ऐकणं फार कमी झालंय. कानाला यंत्र लावूनही तिला टीव्हीवरचं बोलणं उलगडत नाही. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट तिथल्या तिथे बोलतो, त्यामुळे ते शब्द दुसरीकडे कुठे वाचायलाही मिळत नाहीत. म्हणून मी एका पूर्ण आख्यानाचे संवाद ऐकून ऐकून सबटायटल म्हणून टाईप केले. दोन महिने लागले. पात्र चटकन ओळखता यावं म्हणून प्रत्येकाला वेगळा रंग दिला.

यंत्रं अशी आहेत. सर्व्हर म्हणजे माझा जुना लॅपटॉप, चौथ्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम. त्यावर डेबियन (लिनक्स) आणि घरातले व्हिडिओ टीव्ही-फोनवर पोचवणारं जेलीफिन. ओटीवर २०१९ ला घेतलेला ४३ इंची फोर-के अँड्रॉइड टीव्ही, त्यात जेलीफिनचं ॲप. माझा फोन आणि एक टॅबही आहे.

अडचणी तीन.

एक. गेल्या जत्रेत चुलतभावाने फोनवर काढलेलं चित्रण सबटायटलसकट टीव्हीवर लावलं की दर चार-पाच सेकंदांनी थांबतं. तेच फोनवर सुरळीत चालतं.

दोन. टीव्हीवर सबटायटलच्या जागी नुसते चौकोन दिसतात. फोनवर अक्षरं नीट दिसतात.

तीन. कॅसेटवरून दुकानात करून आणलेल्या व्हिडिओत कुणी हललं की कडेला आडव्या दातेरी रेषा येतात. संकासूर नाचायला लागला की चेहराच दिसत नाही. हे मात्र फोनवरही होतं.

नवा लॅपटॉप घेण्यासारखी परिस्थिती नाही. लागलंच तर दोन-तीन हजारांपर्यंत खर्च करू शकते.

रातांबा (रत्नागिरी) | ७ जून, रात्री १०.२०

चौथ्या पिढीचा प्रोसेसर आता जुना झाला, ताई. सर्व्हर बदलल्याशिवाय सुटका नाही. एन-१०० वाले छोटे पीसी मिळतात, ६ वॅटची चिप आहे, व्हिडिओ दाबायच्या नव्या पद्धतींपैकी एचईव्हीसी तर उलगडतेच, एव्ही-१ सुद्धा. मी तोच वापरतो. एकदा घेतला की पाच-सात वर्षं बघायला नको.

चिरेबंदी (राजापूर) | ७ जून, रात्री ११.०५

रातांबा, एन-१०० चांगलाच आहे, माझाही आक्षेप नाही. पण ताईंच्या तीन अडचणींपैकी एकही मुळात सर्व्हरची आहे असं मला वाटत नाही. आधी रोग ओळखू, औषध मग.

पाणंदताई, एक प्रयोग करा. चुलतभावाचं चित्रण टीव्हीवर लावा, पण सबटायटल पूर्ण बंद ठेवून. थांबतं का ते सांगा. मग सबटायटल चालू करून, चित्रण सुरू असतानाच लॅपटॉपवर जेलीफिनचा डॅशबोर्ड उघडा. तिथे चालू प्रक्षेपणाचा चौकोन दिसतो आणि ट्रान्सकोडिंग होत असेल (सर्व्हर व्हिडिओ नव्याने बांधत असेल) तर त्याचं कारणही लिहिलेलं असतं. ते कारण जसंच्या तसं इथे टाका.

पाणंद | ८ जून, सकाळी ७.४०

केलं. सबटायटल बंद केल्यावर एकदाही थांबलं नाही, पूर्ण वीस मिनिटं चाललं. सबटायटल लावल्यावर परत अडायला लागलं. डॅशबोर्डवर कारण आहे: सबटायटलचा प्रकार चालत नाही.

चिरेबंदी | ८ जून, सकाळी ८.३०

हेच हवं होतं. आता सविस्तर लिहितो, कारण दर पंधरा दिवसांनी इथे हाच प्रश्न वेगळ्या कपड्यांत येतो.

जेलीफिन एखादी फाईल तीन तऱ्हांनी दाखवतं. पहिली, फाईल आहे तशी उचलून टीव्हीच्या हातात द्यायची. हा डायरेक्ट प्ले. यात सर्व्हरला काहीच कष्ट नाहीत, पंधरा वर्षांपूर्वीचा पीसीसुद्धा हे काम करेल. दुसरी, चित्र आणि आवाज तसेच ठेवून नुसतं वेष्टन बदलायचं, म्हणजे एमकेव्हीतून काढून टीव्हीला झेपेल अशा डब्यात घालायचं. हेही हलकं काम. तिसरी, चित्र पूर्ण उलगडून नव्याने बांधायचं. हे ट्रान्सकोडिंग, आणि सगळा घाम इथेच निघतो.

यातली कोणती तऱ्हा वापरायची हे सर्व्हर मनाने ठरवत नाही. समोरचं ॲप त्याला सांगतं की मला अमुक जमतं, तमुक जमत नाही. त्यामुळे एकच फाईल फोनवर आरामात चालते आणि टीव्हीवर अडते. फाईल खराब नसते, सर्व्हरही खराब नसतो. बघणाऱ्या यंत्राला त्यातला एखादा भाग येत नसतो.

तुमच्या बाबतीत तो भाग म्हणजे सबटायटल. रंग दिलेत म्हणजे फाईल एएसएस प्रकारची असणार. तुमच्या टीव्हीवरच्या ॲपला ती काढून दाखवता येत नाही, म्हणून सर्व्हर अक्षरं चित्रातच भाजून पाठवतो. भाजायचं म्हणजे प्रत्येक फ्रेम उलगडायची, त्यावर अक्षरं काढायची, परत बांधायची. फोनचं चित्रण फोर-के आणि एचईव्हीसी असणार. तुमच्या लॅपटॉपची ग्राफिक्स चिप एचईव्हीसी उलगडू शकत नाही. इंटेलमध्ये ती सोय सहाव्या पिढीपासून आली आणि १०-बिट (जास्त रंगछटांच्या) एचईव्हीसीची सातव्या पिढीपासून. म्हणजे सगळा भार दोन कोअरवर. अडणारच.

आणि चौकोनांचं मूळही हेच. अक्षरं टीव्ही काढत नाही, तुमचा लॅपटॉप काढतोय. त्या लॅपटॉपवर देवनागरी फॉन्ट आहे का?

पाणंद | ८ जून, सकाळी ९.१०

नसावा. मी डेबियन अगदी कमीत कमी बसवलंय, पडद्याशिवाय, सगळं दुसऱ्या मशीनवरून चालवते. तिथे फॉन्ट लागेल असं कधी मनातच आलं नाही.

सुरंगी (वेंगुर्ला) | ८ जून, सकाळी ९.४५

फॉन्टमध्ये मी स्वतः आठवडा घालवलाय म्हणून लिहिते.

डेबियनवर ‘फॉन्ट्स-नोटो-कोर’ नावाचं पॅकेज आहे, त्यात नोटोचे देवनागरी फॉन्ट येतात. ते बसवा आणि जेलीफिन परत सुरू करा, चौकोन जातील. जे डॉकरमध्ये, म्हणजे बाकी मशीनपासून वेगळ्या ठेवलेल्या कंटेनरमध्ये, चालवतात त्यांनी लक्षात ठेवा, बाहेरच्या मशीनवर फॉन्ट टाकून कंटेनरला तो दिसत नाही, आतपर्यंत पोचवावा लागतो.

जेलीफिनच्या सेटिंगमध्ये पर्यायी फॉन्टची एक जागा आहे, ती वेगळी. एखादं ॲप, उदाहरणार्थ ब्राउझर, एएसएस स्वतः काढत असेल तर त्याला तिथले फॉन्ट पाठवले जातात. भाजताना मात्र मशीनवर बसवलेले फॉन्ट वापरले जातात. मी आठवडाभर पहिल्या जागी फॉन्ट टाकत होते आणि अडचण दुसऱ्या जागची होती.

चौकोन दिसणं आणि अक्षरं मोडणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. चौकोन म्हणजे फॉन्ट नाही. वेलांटी चुकीच्या बाजूला, जोडाक्षर फुटलेलं, असं दिसलं तर फॉन्ट आहे पण अक्षरं जुळवणारा भाग कच्चा आहे. काही जुन्या टीव्हींचे आतले प्लेअर असं करतात, ‘शक्ती’चं ‘शक् ती’ होतं. आणि रोमन अक्षरांची भेळ दिसली तर फाईल युनिकोडमध्ये नाही. डीटीपीवाल्यांकडून संवाद टाईप करून घेतले की हे हमखास होतं, कारण त्यांच्याकडे अजून युनिकोडच्या आधीचे फॉन्ट असतात. ती फाईल आधी युनिकोडमध्ये बदलायची आणि यूटीएफ-८ म्हणून साठवायची.

उधाण (सावंतवाडी) | ८ जून, सकाळी ११.३०

मी तर म्हणेन एएसएसच सोडा. एसआरटी करा. साधी मजकुराची फाईल, टीव्हीचं ॲप ती स्वतः दाखवतं, अँड्रॉइडचाच देवनागरी फॉन्ट वापरतं, आणि चित्र डायरेक्ट प्ले होतं. लॅपटॉप गारच राहील. नाव देताना व्हिडिओचंच नाव, मग टिंब, मराठीचा दोन अक्षरी कोड एम-आर, मग टिंब आणि एसआरटी. सर्व्हर आपोआप ‘मराठी’ म्हणून दाखवेल.

रंग जातील खरे.

पाणंद | ८ जून, दुपारी २.१५

रंग जातील हे वाचून जरा मन अडखळलं, कारण आईला रंगावरून पटकन कळत होतं. पण तिलाच विचारलं. ती म्हणाली, ओळीच्या आधी पात्राचं नाव घाल, नाटकाच्या पुस्तकात असतं तसं. म्हणजे ‘नारद:’ आणि पुढे वाक्य. तसंच करते आता. एजिसब या सबटायटलच्या सॉफ्टवेअरमधून एसआरटी काढता येते, पाहिलं.

सुरंगीताई, तरीही फॉन्ट बसवून ठेवते. उधाण, मनापासून आभार.

चिरेबंदी | ८ जून, दुपारी ३.००

आईंनी सुचवलेला उपाय फार चांगला आहे. वयस्कर माणसांसाठी करताय तर आणखी एक: एका वेळी दोनच ओळी, आणि त्या पडद्यावर थोड्या जास्त वेळ राहू द्या. कान साथ देत नसेल तेव्हा माणूस आधी चेहरा बघतो, मग वाचतो.

राहिली तिसरी अडचण. दुकानदाराने दिलेल्या फाईलवर ‘मीडिया-इन्फो’ हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. रेझोल्यूशन, फ्रेम दर आणि स्कॅनचा प्रकार (फ्रेम पूर्ण एकदम की दोन अर्ध्यांत), हे तीन सांगा.

पाणंद | ८ जून, रात्री ८.२५

एमपी-४, चित्र दाबायची पद्धत एच.२६४, १२८० बाय ७२०, सेकंदाला २५ फ्रेम, स्कॅन प्रोग्रेसिव्ह. माणसंही थोडी रुंद दिसतात, हे आत्ता नीट बघितल्यावर लक्षात आलं. वडील इतके रुंद नव्हते.

चिरेबंदी | ८ जून, रात्री ९.४०

ताई, वाईट बातमी आहे आणि तिच्यामागोमाग चांगलीही.

भारतात तेव्हाचे कॅमेरे ‘पाल’ या टीव्ही पद्धतीचे. मिनी-डीव्हीचं चित्र ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्यांची: एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. ते दोन अर्धे एकाच क्षणी टिपलेले नसतात, त्यांच्यात सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर असतं. जुने फुगीर काचेचे टीव्ही ते एकामागून एक दाखवायचे, म्हणून हालचाल गुळगुळीत दिसायची. आजचा पडदा पूर्ण फ्रेम एकदम दाखवतो. दोन अर्धे नीट सोडवले नाहीत तर हलणाऱ्या गोष्टीच्या कडा दातेरी दिसतात.

दुकानाने ते न सोडवता चित्र ५७६ ओळींवरून ७२० ओळींवर ताणलं. दाते चित्रात कायमचे मिसळून गेले. ५७६ वर तसंच ठेवलं असतं तर अजून सोडवता आलं असतं, आता त्या फाईलमधून नाही येणार. आणि ४:३ चं चित्र १६:९ मध्ये ओढल्याने माणसं रुंद झाली.

चांगली बातमी ही की हे सगळं प्रतीत बिघडलंय. कॅसेट तुमच्याकडेच आहेत ना? त्या टाकल्या नाहीत ना?

पाणंद | ८ जून, रात्री ९.५५

आहेत. आईच्या कपाटात, नऊवारीच्या घडीत. सगळ्या ११.

तारवाला (श्रीवर्धन) | ८ जून, रात्री १०.३०

कपाटातून बाहेर काढा, ताई, आणि आधी बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात कॅसेटच्या फितीवर बुरशी धरते. काचेतून पाहिल्यावर फितीच्या कडेला पांढुरकं काही दिसलं तर ती कॅसेट कॅमेऱ्यात घालू नका, कॅमेऱ्याचं हेडही खराब होईल. स्वच्छ असतील त्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत उभ्या ठेवा.

घाई करा असं सांगायचं कारण आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या घराचे पत्रे गेले आणि माळ्यावरची ट्रंक भिजली. माझ्या लग्नाची आणि वडिलांच्या शेवटच्या गणपतीची कॅसेट त्यात होती. दोन्ही गेल्या.

उधाण | ९ जून, सकाळी ८.०५

काका, वाचून वाईट वाटलं.

पाणंदताई, माझ्याकडे फायरवायर कार्ड लावलेला जुना डेस्कटॉप आहे आणि चालू स्थितीतला मिनी-डीव्ही कॅमेराही. फायरवायरने कॅसेटवरचा डेटा जसाच्या तसा उतरतो, परत चित्रण केल्यासारखं होत नाही. लिनक्सवर ‘डीव्ही-ग्रॅब’ नावाचं छोटं साधन आहे, ते तारखेप्रमाणे तुकडेही पाडतं. तासाच्या कॅसेटला साधारण १३ जीबी लागतात. ११ कॅसेटना दीडशे जीबीच्या आत जागा. हार्ड डिस्क घेऊन या, एक दिवस लागेल. पैसे वगैरे काही नको. माझे आजोबा दशावतारात स्त्रीपार्टी करायचे, मला त्या कॅसेट बघायच्या आहेत.

पाणंद | ९ जून, सकाळी ८.२०

येते. पुढच्या रविवारी चालेल का? काय बोलावं कळत नाही.

नारळीपौर्णिमा (मालवण) | ९ जून, दुपारी १२.४०

बाय, तुमच्या वडलांचो पखवाज त्या कॅसेटीत असा, ह्यां वाचून बरां वाटलां. माका एक इचारूचा होता. आमचो टीव्ही २०१३ चो, त्यात ॲप घालूचीच सोय नाय. मी काय करू?

सुरंगी | ९ जून, दुपारी १.३०

दोन वाटा आहेत, भाऊ. टीव्हीत डीएलएनए (घरातल्या यंत्रांनी एकमेकांचे व्हिडिओ दाखवायची सोय) असेल तर जेलीफिनमध्ये त्याचं प्लगइन घाला. १०.९ आवृत्तीपासून डीएलएनए मूळ सर्व्हरातून काढून वेगळं प्लगइन केलंय, म्हणून आधी दिसत होतं ते आता दिसत नाही अशी तक्रार बरेच जण करतात. पण डीएलएनएवर सबटायटल आणि ‘जिथे थांबलो तिथून पुढे’ याची फारशी आशा धरू नका.

दुसरी वाट मला जास्त आवडते. एचडीएमआय असेल तर अँड्रॉइड टीव्हीची काठी किंवा डबा लावा, किंवा घरात पडलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर लिब्रे-एलेक टाकून कोडी हा प्लेअर चालवा आणि त्यात जेलीफिनचं ॲड-ऑन घाला. कोडी जवळजवळ सगळं स्वतः उलगडतो, एएसएस सबटायटल रंगांसकट दाखवतो, सर्व्हरला हातही लावावा लागत नाही. पाय-४ ला एच.२६४ आणि एचईव्हीसी दोन्ही हार्डवेअरमध्ये जमतात. पाय-५ मधून एच.२६४ चा हार्डवेअर डिकोडर काढलाय, पण त्याचा प्रोसेसर १०८०पी तसंही ओढतो. फक्त पाय हा बघायला वापरा, ट्रान्सकोडिंगचा सर्व्हर म्हणून नको. पाय-५ ला एन्कोडरच नाही आणि जेलीफिननेही पायवरच्या हार्डवेअर ट्रान्सकोडिंगचा पाठिंबा मागे घेत आणलाय.

रातांबा | ९ जून, सायंकाळी ६.१०

चिरेबंदी, तुम्ही म्हणालात ते खरं निघालं, मी घाई केली. माझ्याकडे मात्र एक गूढ आहे. एन-१०० असूनही काही फायली सोप्या दिसतात आणि तरी ट्रान्सकोड होतात. एच.२६४ च आहेत.

चिरेबंदी | ९ जून, सायंकाळी ७.००

१०-बिट एच.२६४ असणार. नाव एकच, पण ८-बिट सगळीकडे चालतं आणि १०-बिट जवळजवळ कुठल्याच टीव्हीच्या किंवा फोनच्या चिपमध्ये उलगडत नाही. तुमच्या एन-१०० लाही ते हार्डवेअरमध्ये जमत नाही. एचईव्हीसीची गोष्ट बरोबर उलट, तिथे १०-बिट सर्रास चालतं. ते नसेल तर आवाज तपासा. काही टीव्ही डीटीएस आवाज घेत नाहीत: सॅमसंगने २०१८ पासून तो काढला, एलजीने २०२० मध्ये काढून २०२३ ला परत आणला. पण नुसता आवाज बदलणं हलकं काम आहे, त्याने सर्व्हर दमत नाही.

उधाण | १५ जून, रात्री ९.३०

पाणंदताई आज येऊन गेल्या. ११ पैकी ९ कॅसेट पूर्ण उतरल्या. एकीवर बुरशी आहे, ती तशीच बाजूला ठेवली. एकीत शेवटची सात-आठ मिनिटं चौकोन चौकोन येतात.

पाचव्या कॅसेटमध्ये आडदशावतार (आख्यानाआधीचा भाग) सुरू होण्याआधी कॅमेरा वादकांकडे वळतो. वडील पखवाजाला शाई लावलेल्या बाजूवर बोट फिरवून बघताहेत, पेटीवाला सूर देतोय. जेमतेम चाळीस सेकंद. आम्ही तिथे पाच वेळा मागे गेलो.

चिरेबंदी | १५ जून, रात्री १०.१५

फारच छान. आता मूळ डीव्ही फायली दोन निराळ्या डिस्कवर, दोन निराळ्या घरांत ठेवा. त्या कधीही पुसू नका. टीव्हीसाठी वेगळी प्रत करा.

हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये अशी: डीइंटरलेसला (दोन अर्धे सोडवायला) ‘बीडब्ल्यूडीआयएफ’, त्यात ‘बॉब’ हा पर्याय. त्याने सेकंदाला ५० फ्रेम मिळतात आणि पखवाजावरचा हात जसा हलला तसा दिसतो. २५ वर आणलं तर अर्धी हालचाल फेकली जाते, आणि दशावतारात तीच तर बघायची असते. चित्र एच.२६४, ८-बिट. गुणवत्ता १८ च्या आसपास. रेझोल्यूशन वाढवू नका, ५७६ च राहू दे, टीव्ही स्वतः मोठं करतो. आवाज एएसी. डबा एमपी-४. गुणोत्तर ४:३, कडेला काळ्या पट्ट्या येतील, येऊ देत.

हालचाल पुढे-मागे झटके देत असेल तर अर्ध्यांचा क्रम चुकलाय. डीव्हीमध्ये खालचा अर्धा आधी येतो, डीव्हीडीत बहुतेक वेळा वरचा.

आणि सबटायटल वेगळी एसआरटी. अशी फाईल फोन, टॅब, ब्राउझर, कुठल्याही कंपनीचा टीव्ही, सगळीकडे डायरेक्ट चालते.

पाणंद | २९ जून, रात्री १०.००

पहिली कॅसेट तयार झाली. लॅपटॉपला तासाच्या चित्रणाला तासाभराहून जास्त वेळ लागला, रात्री लावून ठेवते. दाते पूर्ण गेले. वडील बारीक झाले.

आता नवीनच अडचण. ओटीवर टीव्ही, राउटर माजघरात, मध्ये दोन चिऱ्याच्या भिंती. ही छोटी फाईल चालते, पण चुलतभावाचं फोर-के चित्रण संध्याकाळी अधूनमधून थांबतं. डॅशबोर्डवर डायरेक्ट प्लेच दिसतं, म्हणजे या वेळी सबटायटल नाही.

चिरेबंदी | २९ जून, रात्री १०.४०

माझं टोपणनावच त्या भिंतींवरून आहे. जाड चिरा, त्यात पावसात ओलावा धरलेला, ५ गिगाहर्ट्झची लहर तिथेच दम तोडते. केबल टाका. वीस मीटरची तयार केबल तुमच्या बजेटमध्ये सहज बसेल. टीव्हींच्या लॅन पोर्टचा वेग बहुतेक वेळा १०० मेगाबिटच असतो, पण फोनच्या फोर-के चित्रणाला तो पुरतो.

तारवाला | ३० जून, सकाळी ७.१५

केबल टाकताना एक करा. वीज कडाडायला लागली की राउटरला येणारी बाहेरची तार आणि टीव्हीची केबल दोन्ही काढून ठेवा.

आणि हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: फोनवरून टीव्हीवर कास्ट करायची सवय असेल तर इंटरनेट गेल्यावर ते बंद पडतं, कारण कास्टचा टीव्हीकडचा भाग दर वेळी इंटरनेटवरूनच उघडतो. टीव्हीतलं जेलीफिनचं ॲप मात्र घरातल्या घरात सर्व्हरशी बोलतं. खातंही आपल्याच मशीनवर असतं, बाहेर कुठे लॉगिन करावं लागत नाही. निसर्गनंतर आमच्याकडे कित्येक दिवस ना वीज ना नेट. तेव्हा माझ्याकडे हे काही नव्हतं. आता इन्व्हर्टरवर राउटर, सर्व्हर आणि टीव्ही आहेत, आणि नेट गेलं तरी नातवंडांची चित्रं चालू राहतात. लॅपटॉप सर्व्हर असल्याचा फायदा म्हणजे त्याची स्वतःची बॅटरी. फक्त कायम शंभर टक्के चार्ज ठेवू नका, मर्यादा घालायची सोय असेल तर ऐंशीवर ठेवा, नाहीतर बॅटरी फुगते.

रातांबा | ३० जून, सकाळी १०.०५

हे सगळं फुकट आहे म्हणून कधीतरी बंद होईल, अशी भीती माझ्या भावाला वाटते. त्याला काय सांगू?

सुरंगी | ३० जून, सकाळी ११.२०

जन्मकथाच सांगा. एम्बी नावाचा सर्व्हर आधी खुला होता. २०१८ च्या शेवटी त्यांनी पुढचा कोड बंद केला, तेव्हा शेवटच्या खुल्या कोडावरून काही लोकांनी जेलीफिन सुरू केलं. परवाना जीपीएलचा, म्हणजे कोड खुलाच राहतो, त्यामुळे आज काम करणारे थांबले तरी उद्या दुसरे तिथूनच पुढे नेऊ शकतात. जेलीफिन स्वतः तसंच जन्माला आलंय. आणि समजा तेही नाही झालं, तरी तुमच्या फायली तुमच्याच डिस्कवर, साध्या एमपी-४ मध्ये आहेत. कुठलाही प्लेअर उघडेल.

पाणंद | ३ ऑगस्ट, रात्री ९.१५

केबल टाकली, थांबणं बंद. पाच कॅसेट झाल्या.

मुंबईचा भाऊ विचारतोय, त्याला तिथून बघता येईल का? गणपतीला येईलच, पण त्याला वाट बघवत नाही.

उधाण | ३ ऑगस्ट, रात्री ९.५०

राउटरचा पोर्ट उघडून सर्व्हर थेट इंटरनेटवर ठेवू नका. आपल्याकडे बऱ्याच जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता नसतो, त्यामुळे ते जमतही नाही. टेलस्केल हे आपल्याच यंत्रांचं खासगी जाळं बनवणारं ॲप घाला. लॅपटॉपवर आणि भावाच्या फोनवर, एकाच खात्यात. मग त्याचा फोन तुमच्याच घरात असल्यासारखा वागतो. त्याच्या टीव्हीवर हवं असेल तर तो अँड्रॉइड टीव्ही असला पाहिजे, इतर कंपन्यांच्या स्वतःच्या प्रणालीवर टेलस्केलचं ॲप मिळणं कठीण. तुमच्या ५७६ च्या फायली लहान आहेत, घरच्या जोडणीचा वर जाणारा वेग कमी असला तरी डायरेक्ट जातील. फोर-के मात्र पाठवायला जाऊ नका.

पाणंद | १० सप्टेंबर, रात्री ११.३०

गणपती झाले. सगळे चाकरमानी परत गेले, घर शांत आहे, म्हणून आता लिहिते.

दुसऱ्या दिवशी आरतीनंतर ओटीवर सगळे बसले आणि पाचवी कॅसेट लावली. सबटायटल चालू ठेवलं. भावाच्या मुलांना मालवणी फारशी समजत नाही, त्यांनाही त्याचा उपयोग झाला, हे मी धरलंच नव्हतं. वादकांचे ते चाळीस सेकंद आले तेव्हा आई खुर्ची पुढे ओढून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली.

पुढे आख्यान सुरू झालं. ती ओळी वाचत होती. एका जागी म्हणाली, थांबव. मी मागे नेलं. म्हणाली, चुकीचं लिहिलंयस, तो ‘राज्य’ म्हणत नाही, ‘राज’ म्हणतो, त्याच्या बोलण्याची तशीच ढब होती. मी हेडफोन लावून तीनदा ऐकलं. खरंच ‘राज’ आहे. तिला आवाज ऐकू येत नव्हता, ओठ आणि आठवण यांवरून तिने ते सांगितलं.

त्या रात्री तिने एकूण १४ दुरुस्त्या सांगितल्या. आठ केल्यात. उरलेल्या सहांच्या वेळा वहीत लिहून ठेवल्यात, उद्या करते. उधाण, तुमच्या आजोबांचं नाव तिला ठाऊक आहे. सातव्या कॅसेटमध्ये ते असावेत म्हणते. या रविवारी येणार का?

उधाण | १० सप्टेंबर, रात्री ११.४०

येतो. सकाळीच.